‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं की नोकरी जात नाही

दूध संघ असो की जिनिंग, कामगाराला तोंडी सांगून घरी बसवायची पद्धत जुनीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून ‘आता मालक कुणालाही काढू शकतो’ असा समज पसरलाय. तो अर्धवट आहे.

कपातीआधी सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या बारमाही कारखान्याला लागायची, आता ३०० च्या. पण परवानगी गेली म्हणजे नियम गेले नाहीत. वर्षभर सलग काम झालेल्याला कमी करायचं तर कारणासह महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. आठ वर्षं झाली तर १२० दिवसांचा. राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत.

चोरीचा, गैरवर्तनाचा ठपका असेल तर वाट वेगळी: आधी आरोपपत्र, मग चौकशी, बाजू मांडायची संधी. ती टाळणारा मालक कोर्टात अडकतो.

कामगार मात्र कागदावाचून हरतो. हजेरी, पगारचिठ्ठी, बँकेची नोंद जपावी. कोऱ्या राजीनाम्यावर सही करू नये.