समजण्यात येईल

आमच्या अभ्यासमंडळाची वार्षिक वर्गणी १०० रुपये आहे. बाहेरगावच्या सभासदांना ती पाठवणे सोपे जावे म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोबाइल वॉलेटचा आश्रय घेतला. पुढे एका संध्याकाळी त्या कंपनीचा इंग्रजी संदेश आला : अटी सुधारण्यात आल्या आहेत, कृपया वाचाव्यात. एखाद्या कवितेतील स्वल्पविरामावर तासभर वाद घालणाऱ्या आम्हा मंडळींपैकी एकानेही त्या वाचल्या नाहीत. वर्षअखेरीस जमलेली रक्कम बँकेत वळती केली तेव्हा ती थोडी कमी भरली. विचारणा करता उत्तर आले, की वळतावळीवर आता शुल्क आहे, तसे कळवलेही होते, आणि त्यानंतरही आपण सेवा वापरत राहिलात. म्हणजे आपली संमती आहे.

गेलेली रक्कम दोन दिवसांच्या चहाची. कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण अशी कलमे या धंद्यात सर्वत्र आढळतात. खटकले ते एक वाक्य. 'सेवेचा वापर सुरू ठेवल्यास सुधारित अटी मान्य आहेत असे समजण्यात येईल,' असा त्याचा मराठी अर्थ होतो. कोण समजणार आहे? कर्मणी प्रयोगाने कर्त्याला इतके बेमालूम लपवले आहे, की आमचे मौन हेच आमचे विधान ठरते. वॉलेटला काही जण हौसेने 'ई-बटवा' म्हणतात. पण बटव्याची दोरी ज्याचा बटवा त्याच्याच हातात असते, हे ते विसरतात.

शुल्क घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. पेटीएमने मार्च २०१७ मध्ये क्रेडिट कार्डाने वॉलेटमध्ये पैसे भरण्यावर २ टक्के शुल्क जाहीर केले आणि ओरड होताच लगेच मागे घेतले. पण ऑक्टोबर २०२० मध्ये ते पुन्हा आलेच. त्यामागे हिशेब होता. कार्डाच्या व्यवहाराचा खर्च कंपनीला सोसावा लागतो, आणि कार्डाने वॉलेट भरून तेच पैसे फुकटात बँकेत नेणारे चतुर ग्राहकही होते. हा हिशेब सरळ भाषेत मांडला असता तर बहुतेकांना पटला असता.

तो मांडला जात नाही तेव्हा काय होते, हे एप्रिल २०२३ च्या सुमारास दिसले. वॉलेटमधून यूपीआयद्वारे व्यापाऱ्याला २००० रुपयांहून अधिक रक्कम दिल्यास १.१ टक्क्यापर्यंत आंतरशुल्क, असा तो नियम होता. ते ग्राहकाने द्यायचे नव्हते. तरीही 'आता यूपीआयला पैसे पडणार' ही आवई घरोघरी पोचली आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला खुलासा करावा लागला. 'इंटरचेंज' या शब्दाचा अर्थ भाजीवाल्याला कुणी मराठीत सांगितलाच नव्हता. त्याची जागा अफवेने घेतली.

न वाचता केलेल्या सहीचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्या उठावात त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती मिळवायची आणि जाळायची. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पण ज्यावर आपला अंगठा आहे, त्याचे सामर्थ्य त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे खत गावनिबंधकासमोर लिहिले जावे अशी तरतूद केली, आणि न्यायालयाने खतावरच्या आकड्यावर न थांबता त्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासावा असे सांगितले. कायदा कितपत यशस्वी झाला हा वेगळा विषय. पण सही असली म्हणजे समज होतीच, हे गृहीतक परकीय सरकारनेही त्या वेळी सोडून दिले होते.

आज काय स्थिती आहे? रिझर्व्ह बँकेने २०१७ साली या साधनांसाठी जे निर्देश काढले, त्यांत महत्त्वाच्या अटी आणि सर्व शुल्के स्पष्ट व सोप्या भाषेत सांगावीत असे म्हटले होते. भाषा 'शक्यतो' इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक. सगळी मेख या 'शक्यतो'मध्ये आहे. मराठी जाहिरात करणे ज्यांना नेहमी शक्य होते, त्यांना मराठी अटी देणे शक्य होत नाही. शिवाय ते वाक्य साधन 'देताना' काय सांगावे यापुरते बोलते, आणि आमचे शुल्क आले ते बदलाच्या वाटेने. 'शक्यतो' काढून टाकावे आणि प्रत्येक बदलाला तोच नियम लावावा, एवढीच आमची मागणी आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही संकल्पना आली, हे खरे. पण त्या कायद्यात अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे न्यायची आहे. दोन दिवसांच्या चहासाठी कोण जाईल?

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक विचारायचे आहे. 'व्यावहारिक मराठी' या नावाखाली आपण जाहिरात, इतिवृत्त, अर्ज शिकवतो. विद्यार्थी मात्र अर्जापेक्षा कितीतरी अधिक वेळा 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवतो. तो मजकूर आपल्या वर्गात का येऊ नये?

आम्ही मंडळात सुरुवात केली आहे. त्याच वॉलेटच्या अटी मराठीत आणण्याचे काम गेल्या दोन बैठका चालू आहे. 'वेळोवेळी' पाशी फारशी अडचण आली नाही. शुल्क बदलण्याचा जो अधिकार कंपनीने केवळ आपल्या 'डिस्क्रीशन'वर ठेवला आहे, तिथे गाडी अडली. एकाने 'विवेकाधिकार' सुचवला. त्यावर, यात विवेक कुठे आहे, असा प्रश्न आला. आमच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंनी, त्या आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होत्या, 'मर्जी' हा शब्द दिला. तो कायद्याच्या भाषेत बसत नाही म्हणून दोघांनी हरकत घेतली आहे. तूर्त मसुद्यात 'मर्जी'च आहे.