आत्याला कुणी 'टाकलं' नाही



गेल्या महिन्यात विहारातील रविवारची वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो. तेवढ्यात एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "काय हो, आत्याला तुम्ही आश्रमात टाकलं म्हणे?" तो 'टाकलं' शब्द आमच्या जिव्हारी लागला. त्या वेळी उत्तर सुचले नाही, ते आज या स्तंभातून देत आहोत. हा प्रश्न आता एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही.

आमची आत्या १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. तिचे मालक गिरणीत कामाला होते. पहाटे उठून डबा करायचा आणि भोंगा होण्याआधी हातात द्यायचा, हा तिचा नेम. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली. मालकही पुढे गेले. आत्याने चार घरची धुणी-भांडी करून तीन मुले शिकवली.

तीन वर्षांपूर्वी आत्या भाजीत दोनदा मीठ घालू लागली. पैसे कुठे ठेवले ते विसरून सुनेवर आळ घेऊ लागली. सगळे म्हणाले, "वय झालं, चालायचंच." शेजारी म्हणाले, "म्हातारीला वेड लागलं." मग एके दिवशी संध्याकाळी ती घरातून नाहीशी झाली. रात्री दहाला सापडली, ती बंद गिरणीच्या फाटकाशी. तिथे आता काचेची टोलेजंग इमारत आहे. हातात रिकामा डबा घेऊन ती पहारेकऱ्याला विनवत होती, "आरं लेकरा, भोंगा झाला. त्येंचा डबा आत पोचव की!"

तेव्हा कुठे आम्ही तिला पालिकेच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, मग डोक्याचा स्कॅन काढला. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड किंवा मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. म्हणून तपासणी केल्यावाचून 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नये. आत्याचा आजार मात्र डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश निघाला. त्याच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात. आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये तो प्रथम मांडला. यात मेंदूच्या पेशीच मरत जातात. नवी आठवण आधी जाते, जुनी जास्त काळ टिकते. म्हणून आत्याला सकाळचा चहा आठवत नाही, पण गिरणीचा भोंगा ऐकू येतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो अधिक आहे. लहानपणी शिक्षण न मिळणे हे त्याचे एक कारण असल्याचे तज्ज्ञ सांगतात. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्या आपल्या आया-आज्यांना हे भोग म्हातारपणी पुन्हा भोगावे लागत आहेत. बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचे मोल इथेही कळते.

आता कबुली देतो. "दवाखान्याच्या ओळखीने चौकशी करू, तिला सांभाळणारं केंद्र शोधू," असे आतेभाऊ म्हणाला, तेव्हा पहिला विरोध आम्हीच केला. "आपल्यात असं करत नाहीत," असे ठणकावून सांगितले. पण आत्याच्या खोलीत रात्री जागायला आम्ही गेलो नव्हतो. जागत होती वहिनी. दिवस कलला की आत्याची घालमेल सुरू व्हायची, रात्रभर दार उघडायचा प्रयत्न चालायचा. वहिनीचे शिवणकाम सुटले, रक्तदाब वाढला. एके रात्री आत्याने गॅस उघडा ठेवला. घरात दोन नातवंडे झोपली होती. वहिनीला वास आला म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशी वहिनी आम्हाला एवढेच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चार रात्री येऊन बघा." आम्ही दोनच रात्री काढल्या आणि आमचा विरोध संपला.

आम्ही तीन केंद्रे पाहिली. पहिल्या ठिकाणी दोन आज्या ओढणीने खुर्चीला बांधलेल्या होत्या. आम्ही पाणीही न पिता परत आलो. दुसरे झकास होते, पण पैसे आवाक्याबाहेर. तिसऱ्या ठिकाणी सेविका एका आजोबांना हाताला धरून अंगणात फिरवत होती आणि त्यांचा तोच प्रश्न सहाव्यांदा ऐकून सहाव्यांदा शांतपणे उत्तर देत होती. आमचे मन तिथे बसले.

अशा केंद्रात काय पाहावे, ते अनुभवाने सांगतो. फाटक बंद असावे, पण आत मोकळे फिरायला जागा असावी. शौचालयाचे दार ठळक रंगाचे आणि दारावर चित्र असावे, भिंतीला धरायला दांडी असावी. जेवण, अंघोळ, झोप रोज ठरल्या वेळी असावी. रात्री किती माणसे जागी असतात, ते विचारावे. शांत ठेवण्यासाठी झोपेची औषधे देतात का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत धाडतात, हेही विचारावे. आणि एकदा न कळवता जाऊन पाहावे.

दाखल करताना त्यांनी आत्याची माहिती लिहून मागितली. काय आवडते, कशाने घाबरते, काय म्हटले की खुलते. आम्ही लिहिले, 'सकाळी जयभीम म्हणावे. ज्वारीची भाकरी कुस्करून द्यावी. चार वाजता रिकामा डबा हातात द्यावा.' आता चारच्या सुमारास सेविका तिला डबा देते. आत्या तो पुसते, झाकण लावते आणि सेविकेच्या हवाली करते. मग तिचा जीव शांत होतो.

आम्ही पेशाने कारकून, म्हणून हिशेबही मांडतो. महिना खर्च २८ हजार. आतेभाऊ १४ हजार, त्याचा धाकटा भाऊ ६ हजार, बहीण ४ हजार आणि आम्ही ४ हजार. वही घातली आहे, दर पाच तारखेला नोंद होते. ओढाताण होतेच. पण याआधी वहिनीची झोप, तिची मिळकत आणि तिची तब्येत खर्ची पडत होती, त्याची नोंद कुणाच्या वहीत नव्हती.

ज्यांना हे परवडत नाही त्यांचे काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सरकारने उभारावा, अशी तरतूद आहे. पण पुष्कळ वृद्धाश्रम स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घेतच नाहीत. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत २०२४ पासून ५ लाखांचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयात भरती होण्यासाठी. वर्षानुवर्षे सांभाळण्यासाठी नाही. ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात यायला हवी.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपली विहारे दुपारी बंद असतात. आठवड्यातून तीन दुपारी, दोन ते सहा, अशा वृद्धांना तिथे बसवावे. जुनी भीमगीते लावावीत, शेंगा निवडायला द्याव्यात. दोन-चार भगिनींनी शिकून घ्यावे, तरुणांनी दाराशी बसावे. तेवढ्या वेळात घरच्या सुनेला झोप मिळेल. आमच्या विहाराच्या कमिटीपुढे आम्ही हा विषय येत्या बैठकीत मांडत आहोत. ज्या उपासकांनी आम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांनाच पहिली दुपार देण्याची विनंती करणार आहोत.

दर रविवारी आम्ही आत्याला भेटतो. ती आमचे नाव विसरली आहे. परवा विचारत होती, "तू कुणाचा रं?" आम्ही सांगितले, "तुझ्या भावाचा." ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग जेवून जा."

आपल्या घरी असे कुणी असेल तर आम्हाला जरूर लिहा. लाज वाटण्यासारखे यात काहीही नाही.

जयभीम!