‘यंत्रात सोय नाही’ म्हणे!

नोव्हेंबर २०१८ मध्ये जपानच्या संसदीय समितीपुढे योशिताका साकुरादा या मंत्रिमहोदयांनी एक अजब कबुली दिली. देशाच्या सायबर सुरक्षेचा भार ज्यांच्या शिरावर, त्या या गृहस्थांनी स्वतः संगणक कधी चालविलाच नव्हता! पंचविसाव्या वर्षापासून आपण अशी कामे नोकरांना आणि चिटणिसांना सांगत आलो, असे त्यांनी निर्विकारपणे सांगितले. अणुवीज केंद्रातील यूएसबीविषयी विचारताच ते गोंधळून गेले. साऱ्या जगाने त्यांची टर उडविली आणि आमच्या पुढाऱ्यांनीही त्या हशात आपला आवाज मिसळला. त्यांना आमचा एकच सवाल आहे: महाराज, आपल्या कचेरीतील संगणकापुढे कोण बसतो?

हा सवाल केला की एक ठरलेला जबाब मिळतो. वसंतदादा पाटील कोठे पदवीधर होते? शाळा अर्ध्यावर सोडलेले कामराज १९५४ ते १९६३ मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेच ना? मग कळफलक बडविणे हे कारकुनाचे काम. पुढाऱ्याने लोकांत हिंडावे! दाखले खरे आहेत आणि त्या दोन्ही पुरुषांच्या कर्तृत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दादांनी सांगलीचा साखर कारखाना उभा केला तेव्हा गाळप किती, उतारा किती, सभासदाच्या पदरात काय पडणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. यंत्र फिरविणारा इंजिनिअर दुसरा होता. त्या इंजिनिअरला काय विचारावे हे दादांना ठाऊक होते. आम्ही पुढाऱ्यांकडून मागतो ती साक्षरता एवढीच आहे. बोटे भराभर चालली की राज्य चालते, असा आमचा मुळीच दावा नाही. संगणकप्रेमी मुख्यमंत्री म्हणून गाजलेल्या चंद्राबाबू नायडूंना २००४ साली आंध्रच्या मतदारांनी घरी बसविलेच होते.

विचारावे काय हे न कळणाऱ्या मंत्र्यांच्या हातून काय घडते, ते इंग्लंडात पाहावे. तेथील टपालखात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसविली. फुजित्सू कंपनीच्या त्या प्रणालीत दोष होते. यंत्र तूट दाखवी आणि टपालमास्तर चोर ठरे! १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक निरपराध माणसे दोषी ठरली. कित्येक तुरुंगात गेली, कित्येकांची घरेदारे विकली गेली, काहींनी जीवनयात्रा संपविली. तिन्ही प्रमुख पक्षांचे मंत्री त्या खात्यावर येऊन गेले. प्रत्येकाने ‘यंत्रणा निर्दोष आहे’ हे अधिकाऱ्यांचे उत्तर प्रमाण मानले. ॲलन बेट्स या टपालमास्तराने दाद मागितली तेव्हा २०१० साली मंत्र्याने आधी भेटच नाकारली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष उघडे पाडले आणि शिक्षा पुसून टाकण्यासाठी २०२४ साली पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या वीस वर्षांत एकाही मंत्र्याने दोन साधे प्रश्न धसास लावले नाहीत. या यंत्रातील नोंद बाहेरून कोणाला बदलता येते काय? आणि आली तर तिची खूण कोठे राहते?

विलायतेचे पुराण येथे कशासाठी, असे कोणी म्हणेल. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात अक्षरशत्रू कुणब्याला कुलकर्ण्याने आणि कचेरीतील कारकुनाने कसे नागविले याचे वर्णन आहे. कलमकसायाच्या हाती दप्तर आणि रयतेच्या हाती अंगठा! तो कलमकसाई मेला नाही. त्याने बैठक बदलली आहे. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे सदुसष्ट लाख खातेदारांच्या दोन कोटी जमीन-नोंदी संगणकात घातल्या आणि हाताने लिहिलेली पहाणी बाद ठरविली. तलाठ्याची मनमानी त्यामुळे आटोक्यात आली, हे त्या योजनेचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु खानापूर-बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच वावराचा उतारा मिळतो तो कन्नड लिपीत. आजोबांच्या पेटीतील मुंबई राज्याच्या काळचा मराठी कागद आणि आजचा छापील उतारा त्याने शेजारी ठेवले, तर दोहोंत एकच माणूस आहे की नाही, हे ताडण्यासही त्याला दुसऱ्याचे डोळे उसने आणावे लागतात. त्यातून नाव रोमन लिपीच्या वळणाने आले असेल तर विचारूच नका. रोमनमध्ये ‘काळे’ आणि ‘काले’ यांचे रूप एकच! आधारवर एक, उताऱ्यावर दुसरे, बँकेत तिसरे. वारसा लावताना या एका अक्षरासाठी म्हाताऱ्या माणसाने किती खेटे घालावेत?

यावर मराठीत उतारा मागितला की ‘सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही’ हे उत्तर पुढे करणे कचेरीला फार सोपे असते, आणि ते ऐकून आमचे लोकप्रतिनिधी मान डोलावून परत येतात. जणू वरुणराजाने पाऊस नाकारला, तेथे माणसाचा इलाज काय!

वाचकहो, या उत्तराची किंमत एकदा मोजून ठेवा. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या कामातून १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. त्यात देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच क्रमांक दिलेला आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही ‘क’ एकाच कळीवर बसतात. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडनेही भारतीय लिपींची तीच मांडणी उचलली. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१, अंतर ८९६. आपल्या ‘ळ’चा २३५५, कन्नड ‘ळ’चा ३२५१, अंतर पुन्हा ८९६! म्हणजे कन्नड लिपीतील नाव देवनागरीत आणावयाचे तर बहुतेक अक्षरांसाठी एका वजाबाकीचे काम आहे. रकान्यांची शीर्षके तेवढी माणसाने बसून एकदा भाषांतरित करावी लागतील. यंत्राच्या पोटात कन्नड आणि मराठी अशा एका पंक्तीला बसल्या आहेत. त्यांना वेगळे उठविले ते शासकीय आदेशाने. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही; तिच्या आडून बोलणाऱ्या कारभाराशी आहे. ‘सोय नाही’ याचा मराठी अर्थ ‘इच्छा नाही’ असा होतो, आणि हा अर्थ ज्याला लावता येत नाही तो पुढारी सरकारशी भांडणार तरी कशाच्या बळावर?

कायद्याचे बळ तर हाताशीच आहे. १९५६च्या केंद्रीय निवेदनापासून भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची योजना चालत आली आहे. जेथे त्यांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, हे तिचे एक सूत्र आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आणि ३५० ब कलमाने त्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी दिला. भिंतीवरील नोटिसांच्या काळात या सूत्रांसाठी आम्ही मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आज नोटीस संकेतस्थळावर लागते, अर्ज पडद्यावर भरला जातो. तेथे मराठी असावी की नाही, याचा निकाल कंत्राटाच्या मसुद्यातील भाषेच्या एका ओळीत लागतो. तो मसुदा पालिकेपुढे, पंचायतीपुढे येतो तेव्हा आमचे सदस्य कोठे असतात? बहुधा बाहेर, घोषणा देत! घोषणा द्याव्यातच, पण त्याआधी मसुदा वाचावा.

खुद्द सीमालढ्याचीही तीच गत आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर आपण उभे आहोत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. वाणीपेक्षा कागद आणि आकडे तेथे अधिक बोलतात. १९५१ची भाषावार कोष्टके एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याच्या कपाटात वाळवीची वाट पाहत असतील आणि २०११ची कोष्टके जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर असूनही आमच्या पुढाऱ्यांना उघडता येत नसतील, तर साठ-सत्तर वर्षांचा पुरावा कोणाच्या भरवशावर सोडावयाचा? पुतण्याच्या? तो पुण्यास नोकरीला गेला की लढा थांबावयाचा काय?

म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीकडे आमची मागणी आहे. पुढील निवडणुकीची उमेदवारी देण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाला समितीच्या कचेरीत संगणकापुढे बसवावे. त्याने आपल्या गावच्या एका खातेदाराचा उतारा स्वतः काढून दाखवावा, आपल्या तालुक्याचे भाषेचे कोष्टक उघडावे आणि त्या उताऱ्यावर मराठी आणण्यासाठी कोणत्या खात्याकडे, कोणत्या आधारावर लेखी मागणी करावयाची, ते सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्याला ते शिकण्याचीही तयारी नसेल, त्याला तिकीट देऊ नये, मग तो कितीही मोठ्या घराण्याचा असो.