कचारगडची वाट आणि ईर्या समिती



थंडीचे दिवस आले की गोंदियातील सायकलप्रेमी मंडळींना कचारगडची ओढ लागते. आमगाव, सालेकसा, दरेकसा असा हा सुमारे ५५ किलोमीटरचा मार्ग. सालेकशापुढे धानाची शेते मागे पडतात आणि जंगलातील चढ-उतार सुरू होतात. कचारगडची गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेस शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात आणि त्यांतील कित्येक जण पायी चालत असतात. म्हणूनच या सहलीची तयारी ही केवळ आपल्या सुरक्षिततेची बाब उरत नाही.

आपल्या साधु-साध्वींसाठी ईर्या समिती सांगितली आहे. समोरची चार हात भूमी नीट पाहून, जीवास इजा होणार नाही असे पाऊल टाकावे, हा तिचा आशय. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. चालणाऱ्यास ते पुरतात. परंतु ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे १८ फूट पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच चार हातांची तिप्पट भूमी संपलेली असते. वेग वाढला की दृष्टीही तितकीच दूर न्यावी लागते, आणि जेथे दूरचे दिसत नाही तेथे वेग कमी करावा लागतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. ब्रेकचे रबर झिजले आहे हे ठाऊक असूनही ते न बदलता उतारावर सायकल सोडणे, हा प्रमादच होय.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी दहा मिनिटे काढावीत. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर तार ताणून घ्यावी. रबरावरील खाचा दिसेनाशा झाल्या असतील, तर ते बदलावे. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो. हवा त्या मर्यादेतच भरावी. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे तेल टिपून घ्यावे, अन्यथा त्यावर धूळ बसते. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब बसविण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून काटा शोधावा. काटा तसाच राहिला, तर चार पावलांवर पुन्हा थांबावे लागते.

रस्त्यावर डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास तोल जातो. पहाटेच्या धुक्यात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचता येईल अशा बेतानेच निघावे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. जाऊन-येऊन ११० किलोमीटर होतात. नवख्यांनी सायकल वाहनातून सालेकशापर्यंत न्यावी आणि पुढचाच टप्पा चालवावा.

पायी यात्रेकरू दिसले की दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि अंतर ठेवून पुढे जावे. विहार करणाऱ्या आपल्या साधु-साध्वींनाही महामार्गावर भरधाव वाहनांचा धोका असतो. त्यांच्याविषयी वाहनचालकांकडून आपण जी काळजी अपेक्षितो, तीच या भाविकांविषयी आपण घ्यावयास हवी.

वाटेत कोणी अपघातग्रस्त आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ अन्वये २०१९ च्या दुरुस्तीपासून संरक्षण आहे. तेव्हा पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणीही पुढे निघून जाऊ नये.

पुढील अंकात घरच्या घरी पंक्चर काढण्याची कृती पाहू.