होडी धरायला मुलाला मागे बसवू नका

रायपूरहून अभनपूर, कुरुद, धमतरी आणि तिथून गंगरेल धरण, हा साधारण ९० किलोमीटरचा रस्ता. महानदीवरचे हे धरण रायपूरकरांचे सुटीतले आवडते ठिकाण. ज्या घरात हौसेने कयाक, म्हणजे एकदोघांनी वल्हवायची लांबट होडी, आली आहे, तिथे पहिला प्रश्न पडतो तो ती पाण्यापर्यंत न्यायची कशी हा.

भाड्याची पिकअप ठरते. होडी हौद्यात आडवी टाकली जाते, तिचे शेपूट बाहेर लोंबते आणि घरातला एखादा धडधाकट मुलगा मागे चढतो. ‘तू धरून बस रे!’ गादी, कपाट, फ्रिज हलवतानाही आपल्याकडे हेच चालते. पण जोरात ब्रेक लागला की त्याला होडीही सावरायची आणि स्वतःलाही, आणि धरायला असते काय, तर तीच होडी! शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. मालवाहू गाडीत असे फुकट बसलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे, तेही ध्यानात ठेवा. मुलाची जागा केबिनमध्ये किंवा दुसऱ्या गाडीत.

होडी धरण्याचे काम दोराचे. अमेरिकेत मालवाहतुकीच्या नियमांनुसार बांधणी अशी लागते की पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के ओढ तिने सोसावी. २५ किलोच्या होडीला हे अवघड नाही.

पिकअपचा हौदा साधारण अडीच मीटर लांब, होडी तीन ते चार मीटर. तेव्हा फाळका बंद करून होडी पालथी घाला, तिचे शेपूट फाळक्याला टेकवा आणि नाक केबिनमागच्या लोखंडी चौकटीवर चढवा. जास्तीची लांबी केबिनच्या टपावर जाते, मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर येत नाही. पालथी असली की पावसाचे पाणीही साचत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, हे जुलैत विसरू नये. माल मर्यादेबाहेर काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आहे. चौकटीवर जुनी गोधडी दुमडून बांधा.

आता दोर. काथ्या सैल पडतो, गुळगुळीत प्लॅस्टिक दोरीची गाठ सरकते आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणत राहते. बकलचे रुंद पट्टे उत्तम. एक पट्टा पुढे, एक मागे, दोन्ही होडीवरून आडवे घेऊन हौद्याच्या हुकांना बांधा. शिवाय नाकापासून आणि शेपटापासून एकेक दोर वेगळा. होडीच्या मुठी उचलण्यापुरत्या असतात, सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. पट्टा वाऱ्याने गुणगुणत असेल तर त्याला एक पीळ द्या. पट्टे नसतील तर ट्रकवाल्याकडून त्याची गाठ शिकून घ्या. दोराला मध्ये फासा करून, टोक हुकातून आणून त्या फाशातून ओढले की कप्पीसारखा जोर मिळतो. शिकवण्यासारखी वस्तू आहे ती, घरातल्या मुलींनाही.

मात्र खेचताना हात आखडता ठेवा. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, त्या उन्हात प्लॅस्टिक मऊ पडते आणि करकचून आवळलेल्या पट्ट्याखाली होडीला पोचा येतो. होडी हलवली तर सोबत गाडीही हलावी, एवढा ताण पुरे.

वल्ही आणि लाइफ जॅकेट केबिनमध्ये. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून सगळ्या गाठी हाताने चाचपा, मग अभनपूरला पुन्हा एकदा. परतताना आधी होडीतले पाणी ओता. ओला नायलॉन दोर जास्त ताणतो, म्हणून धमतरी सोडण्यापूर्वी तो पुन्हा आवळून घ्या.