पाण्याचा रकाना

रसायनशाळेच्या साठा नोंदवहीत सहा-सात रकाने असतात: वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, नग, किंमत, खर्च आणि शिल्लक, आणि अगदी कडेला शेऱ्यासाठी एक चिंचोळी पट्टी, जी बहुधा कोरीच राहते. मार्चअखेर या वहीची रुजुवात होते, फडताळातील बाटल्या आणि वहीतील आकडे यांचा मेळ बसला की खाली सह्या होतात, आणि सर्व काही क्षेमकुशल आहे असे मानून वही पुन्हा दप्तरात जाते. अशा कितीतरी रुजुवातींखाली माझीही सही आहे. तेव्हा पुढे जी तक्रार मी मांडणार आहे तिच्यातील पहिला आरोपी मीच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तक्रार पिक्रिक आम्लाविषयी आहे, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर, ते ज्या रीतीने आपल्याकडे फडताळात पडून राहते त्या रीतीविषयी. विज्ञान शाखेतून पदवी घेतलेल्या जुन्या वाचकांना हा पदार्थ आठवत असेल. डांबरगोळीचा, म्हणजे नॅप्थॅलिनचा, अल्कोहोलमधील द्राव आणि पिक्रिक आम्लाचा संपृक्त द्राव एकत्र करून परीक्षानळी थंड होऊ दिली की पिवळ्याधमक सुयांचा झुबका तळाशी उतरू लागतो. त्या सुया गाळून, वाळवून, १५० अंशांच्या आसपास त्या वितळल्या म्हणजे अज्ञात पदार्थ ओळखला गेला, आणि विद्यार्थ्याचे गुण वाचले. बोटांना लागलेला पिवळा डाग पुढे कित्येक दिवस जात नसे, आणि तो डाग मिरवण्यात आम्हाला त्या वयात एक प्रकारची प्रतिष्ठाही वाटे. ज्या द्रव्याने रेशीम रंगवीत असत त्याच द्रव्याने आपली बोटे रंगली आहेत, आणि त्याच द्रव्याने तोफगोळे भरीत असत, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

१७७१ साली पीटर वुल्फ याने निळीवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हे द्रव्य प्रथम मिळविले, आणि त्यानंतर शंभर वर्षे जगाने त्याला एक कडू चवीचा पिवळा रंग यापलीकडे किंमत दिली नाही. त्याच्या पोटात काय दडले आहे याचा एक पुरावा १८८७ साली मँचेस्टरच्या कॉर्नब्रूक भागातील एका रसायनांच्या कारखान्यात मिळाला: आग लागली, पिक्रिक आम्ल वितळून वाहू लागले, जवळच ठेवलेल्या मुर्दाडशिंगाला, म्हणजे शिशाच्या भस्माला, जाऊन मिळाले, आणि कारखाना उडाला. या अपघाताचे मर्म ज्याला समजले त्याला पिक्रिक आम्लाचे निम्मे शास्त्र समजले. टीएनटी आणि हे द्रव्य ही सख्खी भावंडे; परंतु टीएनटी धातूच्या वाटेस जात नाही, आणि हे आम्ल असल्यामुळे शिसे, तांबे, लोखंड यांना, इतकेच नव्हे तर फरशीच्या सिमेंटमधील चुन्यालाही, हळूहळू खाऊन त्यांचे क्षार बनविते; आणि त्यांतील कित्येक क्षार आम्लापेक्षाही अधिक तापट असतात. म्हणून त्याच्या बाटलीला पत्र्याचे झाकण चालत नाही, त्यात लोखंडी चमचा घालणे चालत नाही, आणि सांडलेली पूड कोरड्या झाडूने लोटणे तर मुळीच चालत नाही.

उरलेले निम्मे शास्त्र पाण्याचे आहे. वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत की याच द्रव्यात वजनाने निदान ३० टक्के पाणी असेल तर त्याची गणना ज्वालाग्राही घन पदार्थांत होते, आणि पाणी त्याहून कमी झाले की तीच बाटली, तेच लेबल, तेच फडताळ असूनही ते द्रव्य स्फोटकांच्या वर्गात जाऊन बसते. आपल्या १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या व्याख्येतही पिक्रिक आम्लाचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे, आणि त्या अधिनियमाचा अंमल पाहणारे देशाचे मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पाणी मात्र कोणाच्या परवानगीने उडून जात नाही. ते दोन-चार उन्हाळ्यांत सैल बुचातून निमूटपणे नाहीसे होते. वहीतील शिल्लक होती तीच राहते, नग तोच राहतो, रुजुवात बिनचूक होते, आणि फडताळातील वस्तू तेवढी बदललेली असते. नोंदवहीत पाण्याचा रकाना नाही, ही माझी तक्रार.

ज्या वस्तूवर तिचे खरे नाव लिहिलेले नाही ती काय करू शकते, याचा दाखला ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदराने पाहिला. माँ-ब्लाँ नावाच्या फ्रेंच जहाजात दोन हजार टनांहून अधिक पिक्रिक आम्ल आणि इतर स्फोटके भरलेली होती. परंतु जर्मन पाणबुड्यांची नजर जाऊ नये म्हणून धोक्याचे लाल निशाण उभारलेले नव्हते. दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन आग लागली तेव्हा शहरातील माणसे ती शोभा पाहण्यासाठी खिडक्यांच्या काचांशी जमली, आणि जहाज उडाले. १,७०० हून अधिक जीव गेले, आणि त्या काचांनीच कित्येकांचे डोळे नेले. ज्यांनी १४ एप्रिल १९४४ च्या मुंबईच्या गोदीतील स्फोटाची हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना अशा दिवसाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता शंभर ग्रॅमच्या बाटलीकडे वळतो. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरच्या फळीवरची पिक्रिक आम्लाची बाटली काढण्यासाठी मी स्टुलावर चढलो, तेव्हा मागून आमच्या प्रयोगशाळेतील मामांचा आवाज आला, "सर, तिला हात लावू नका. मी देतो काढून." सातवीपर्यंत शिकलेल्या या गृहस्थाने ती बाटली दोन्ही हातांनी उतरवली, खिडकीपाशी नेऊन आतला लगदा ओला आहे ना ते उजेडात पाहिले, बाटलीची मान आणि बूच ओल्या फडक्याने पुसले, आणि मगच ती माझ्यापुढे ठेवली. बाटलीवर कागदाची एक पट्टी डकवलेली होती, तीवर निळ्या पेन्सिलीच्या आडव्या खुणा आणि प्रत्येक खुणेपुढे महिना लिहिलेला. हे काय म्हणून विचारले तर म्हणाले, "हिला तहान लागते, सर. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी पाणी पाजावं लागतं." तो पाण्याचा रकाना होता, सरकारी वहीत नसलेला, आणि आधीच्या मामांकडून या मामांकडे तोंडी आलेला. मामा निवृत्त झाले, त्यांचे पद भरलेच गेले नाही, आणि ती पट्टी पुढे कोणी लिहिली की नाही हे मी पाहिले नाही. वर ज्या आरोपाचा उल्लेख केला तो हाच.

पुढे अनेक वर्षांनी मी परीक्षक म्हणून एका दूरच्या महाविद्यालयात गेलो असता तेथील फडताळात मागच्या रांगेत तपकिरी काचेची तसलीच एक बाटली दिसली. लेबल कसरीने खाल्लेले, मूळचे बूच हरवल्यामुळे कोणीतरी बसविलेले पत्र्याचे झाकण, झाकणाच्या आट्यांभोवती पिवळी खपली, आणि आत काचेला चिकटलेले कोरडे स्फटिक. एक तरुण प्राध्यापक ती मला दाखविण्यासाठी हात पुढे करीत होते. "तिला हात लावू नका," हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा ते माझे नाहीत हे मला कळत होते. अशा बाटलीचे झाकण फिरविणे म्हणजे आट्यांत अडकलेले स्फटिक आपल्या हाताने भरडणे होय. तिच्यात आता पाणी घालू पाहण्याची वेळही टळलेली असते. ती हलवू नये, खोलीला कुलूप लावावे, आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही: २०१६ साली ब्रिटनमधील शेकडो शाळांनी डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन या, आपल्याकडेही घरोघरचा म्हणावा अशा, कोरड्या पडलेल्या अभिकर्मकासाठी लष्कराची पथके बोलाविली होती.

मला खरे आश्चर्य वाटले ते विभागप्रमुखांनी दाखविलेल्या दप्तराचे. बाटली मोडीत काढण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी तीन पत्रे पाठविली होती, आणि तिसऱ्यावर मखलाशी होती की, सदर वस्तू उपभोग्य सदरात येत असल्याने तिचे निर्लेखन करता येत नाही, सबब ती वापरून संपवावी. हे लिहिणारा कारकून दुष्ट नव्हता. खुर्ची मोडते, बाटली संपते, एवढेच त्याच्या नियमाला ठाऊक होते. पडून राहिल्याने अधिक भयंकर होणारी वस्तू त्या नियमाने कधी पाहिलीच नव्हती.

यावर पिक्रिक आम्ल सरसकट बंद करा असे म्हणणारे आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. याफेने १८८६ साली नोंदविलेल्या अभिक्रियेवर आधारलेली, रक्तातील क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत याच द्रव्यावर उभी आहे आणि मूत्रपिंडाच्या कितीतरी रुग्णांचे निदान तीवर होत आले आहे; ओल्या, विरल द्रावाला भिण्याचे कारण नाही. परंतु पदवीच्या वर्गात अज्ञात पदार्थ ओळखण्यासाठी पिवळ्या सुयाच हव्यात असा हट्टही नको, आणि ज्यांना हव्याच आहेत त्यांनी वर्षभर पुरेल तेवढेच द्रव्य घ्यावे, बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि कोणती बाटली आता ठेवण्याजोगी राहिली नाही हे ठरविण्याचा अधिकार समितीच्या बैठकीची वाट न पाहता विभागप्रमुखाला असावा. मामांचे पद भरावे, हे तर मी सर्वांत आधी लिहावयास हवे होते.

त्या महाविद्यालयात मी पुढच्या वर्षीही परीक्षक होतो. पथकाने बाटली उघड्या माळावर नेऊन नष्ट केली होती, पंचनामा झाला होता, आणि तरीही मार्चअखेर वहीचा मेळ बसवावयाचा होता. विभागप्रमुखांनी ते पान मला उघडून दाखविले: शिल्लक शून्य, खर्च शंभर ग्रॅम, आणि शेऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत कारकुनाने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, "विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी."