भीमगीत मोबाइलवर

वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे आम्हाला जयंतीच्या लाउडस्पीकरवर भेटले. दोघेही २००४ साली गेले. गाणी मात्र मोबाइलवर आली. तिथे एक भीमगीत संपले की दुसरे आपोआप लागते. असेच जालंधरच्या गिन्नी माहीचे पंजाबी गाणे सापडले, मग चेन्नईचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह'. पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ साली उभा राहिलेला हा संच. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतली 'गाना' गायकी, रॅप आणि रॉक एकत्र. तमिळ कळत नाही, 'जयभीम' कळतो!

एक मात्र खटकते. जुन्या भीमगीतांखाली पुष्कळदा फक्त गायकाचे नाव असते, कवीचे नसते. कॅसेटच्या कागदावर ते छापलेले असायचे. ज्यांच्या घरी कॅसेट शिल्लक आहेत, त्यांनी तो कागद जपावा आणि गाणे पुढे पाठवताना कवीचे नाव लिहावे.